झारा हातात कोण देणार?

मे महिना आला की ओळखीपाळखीतून फोन येऊ लागतात. कुणाचा मुलगा बारावी झालेला असतो, कुणाची भाची. त्याला किंवा तिला शेफ व्हायचं असतं आणि आईवडिलांचा प्रश्न ठरलेला असतो: हॉटेल मॅनेजमेंटला घालायचं, की सरळ एखाद्या हॉटेलात कामाला लावायचं? केटरिंगच्या धंद्यात मला बावीस वर्षं झाली. माझ्या भट्टीवर पदवी घेतलेले राहून गेले आणि सही करताना अडखळणारेही राहून गेले. उत्तर देण्याआधी मी त्या आईवडिलांना उलट एकच गोष्ट विचारतो. या मुलाला शेजारी उभं करून शिकवणारं कुणी नात्यात, गावात, ओळखीत आहे का? सगळं त्यावर ठरतं, असं माझं मत आहे. ते का, हे जरा सविस्तर सांगतो.

आधी कायद्याचं बघू. आपल्याकडे वायरमनला परवाना लागतो, ट्रक चालवायला लायसन्स लागतं; पण पाचशे माणसांचं जेवण रांधणाऱ्याला स्वतःच्या नावाचं कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. 2006 चा अन्नसुरक्षा आणि मानके कायदा आहे, पण त्याखालची नोंदणी किंवा परवाना व्यवसायाचा असतो, माणसाचा नाही. कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी, टायफॉईडसारख्या पोटाच्या आजारांवरची लस द्यावी, परवानाधारक धंद्यात दर 25 कामगारांमागे एक तरी माणूस अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला असावा, माणसांच्या बाबतीत मुख्यतः एवढंच कायदा मागतो. तेव्हा 'सर्टिफिकेट नसेल तर काम मिळत नाही' ही समजूत डोक्यातून काढून टाकलेली बरी.

एक ठळक अपवाद आहे, तो समुद्रावरचा. गोव्याच्या आणि कोकणच्या किती घरांतली माणसं बोटीवर स्वयंपाकी म्हणून गेली. बोटीवरच्या स्वयंपाक्याला खलाशांच्या बोलीत 'भंडारी' म्हणत. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या एकेका गावाचे 'कूड' होते, अजूनही काही आहेत. बोट मिळेपर्यंत माणूस आपल्या गावच्या कुडात पथारी टाकायचा आणि तिथल्या जुन्या माणसांच्या ओळखीने कामाला लागायचा. आता ओळखीवर भागत नाही. 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार बोटीवरचा स्वयंपाकी प्रशिक्षित आणि पात्र असावा लागतो, वय 18 च्या खाली चालत नाही. किनारा दोन-दोन आठवडे दिसत नाही तिथे एका पातेल्यातून सगळ्या खलाशांना विषबाधा झाली तर जहाज कोण चालवणार, हे त्यामागचं साधं कारण. जमिनीवरच्या परदेशी नोकऱ्यांनाही व्हिसाच्या फायलीत प्रमाणपत्र किंवा अनुभवाचे दाखले लावावे लागतात. बाहेर जायचं पक्कं असेल तर कागद हवाच, त्यात वाद नाही.

आता ती नेहमीची नावं. पदवी नको म्हणणारे इम्तियाझ कुरेशींचं नाव घेतात. दम पुख्त, म्हणजे बंद भांड्यात मंद आचेवर शिजवण्याची रीत, हॉटेलातून नावारूपाला आणणारे, 2016 मध्ये पद्मश्री मिळालेले लखनौचे कुरेशी कुठल्याही कॉलेजात गेले नव्हते. परदेशातलं उदाहरण हवं असेल तर स्पेनचा फेरान आद्रिया आहे. हॉटेलात भांडी घासायला लागला आणि 'एल बुली' या उपाहारगृहातून जगभरच्या शेफना नवी भाषा देऊन गेला. दुसऱ्या बाजूला संजीव कपूर आहेत, दिल्लीत पुसा इथल्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत शिकलेले. मुंबईच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत शिकलेले आणि न्यूयॉर्कमध्ये 'तबला' हे उपाहारगृह गाजवणारे फ्लॉइड कार्डोझही त्याच बाजूचे. आणि मधल्या वाटेवर मुंबईची गरिमा अरोरा आहे. पत्रकारिता सोडून ती पॅरिसच्या 'ल कोर्दों ब्ल्यू'त शिकायला गेली आणि बँकॉकमधल्या 'गा' या तिच्या उपाहारगृहाला 2018 मध्ये मिशलिनचा तारा मिळाला. तो मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

ही यादी दोन्ही बाजूंनी कितीही वाढवता येईल, पण तिच्यातून प्रश्न सुटत नाही. पहिल्या गटातली माणसं पुन्हा नीट पाहा. कुरेशी आचाऱ्यांच्या घराण्यात जन्मले, लहानपणीच काकांच्या हाताखाली उभे राहिले. फ्रेंच पाककलेची घडी बसवणारा ऑगुस्त एस्कॉफिए तेराव्या वर्षी कामाला लागला, तोही नीस शहरातल्या काकांच्याच उपाहारगृहात. आद्रियाला त्या हॉटेलातल्या शेफने हाताशी धरून स्पॅनिश स्वयंपाकाचे मूळ पदार्थ शिकवले. यांच्यापैकी कुणीही न शिकता मोठा झाला नाही. त्यांची शाळा घरात होती किंवा कामाच्या जागी होती, आणि फी श्रमाने भरली होती. कॉलेज लागत नाही म्हणणारे हा काका विसरतात.

काका ज्याला नाही त्याने काय करायचं? आपल्याकडे हा धंदा कित्येक पिढ्या जन्माला बांधलेला होता. लग्नकार्याला सोवळ्यातला आचारी हवा, तो ठरावीक जातीचाच हवा. बाकीच्यांनी फार तर भांडी घासायची, मांडव घालायचा. हे फार जुनंही नाही. 2017 साली पुण्यात घरी सोवळ्याचा स्वयंपाक करायला येणाऱ्या एका बाईंवर जात लपवल्याची तक्रार थेट पोलिसांत गेली होती. उडुपी हॉटेलांचं जाळं मुंबईभर पसरलं ते गावाकडून पोरं आणून, त्यांना आधी कपबशा विसळायला लावून, मग गल्ल्यावर आणि भट्टीवर चढवून. उत्तम शिक्षण होतं ते, दिवसा काम आणि रात्रशाळा. पण त्या गावचा, त्या समाजाचा मुलगा असणं ही त्याची प्रवेशपरीक्षा होती. मुलीला तर तोही रस्ता नव्हता. हॉटेलच्या माळ्यावर आठ पोरं झोपतात तिथे ती कुठे राहणार? बायकांनी घरोघरी रांधलं, पण धंद्याच्या भट्टीवर झारा पुरुषाच्या हातात राहिला.

मुंबईच्या गिरणगावात बायकांनी त्यातून एक वाट काढली होती. गिरणी कामगारांना महिनेवारीने जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया म्हणजे रोजचे वीस-पंचवीस डबे आणि पंगती सांभाळणाऱ्या व्यावसायिक स्वयंपाकिणीच होत्या. पण त्यांना तसं कुणी म्हणत नव्हतं आणि किराणा उधारीवर आणावा लागत होता. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यांच्या हाताला चव होतीच. मिळायचं होतं ते भांडवल, आणि हे काम म्हणजे व्यवसाय आहे ही मान्यता.

मुंबईत 1954 मध्ये हॉटेल मॅनेजमेंटची पहिली संस्था निघाली, तीही एका बाईच्या पुढाकाराने. लीलावती मुनशी यांच्या नेतृत्वाखालच्या अखिल भारतीय महिला अन्न परिषदेने ती सुरू केली. ते धान्याच्या तुटवड्याचे दिवस होते. संस्थेच्या लांबलचक नावात आजही 'उपयोजित पोषण' हे शब्द आहेत ते त्या काळाची खूण म्हणून. या संस्थांचं माझ्या लेखी सर्वांत मोठं मोल अभ्यासक्रमात नाहीच. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी हॉटेलची पायरी चढलं नव्हतं, अशा मुलालाही अर्ज भरून, परीक्षा देऊन व्यावसायिक स्वयंपाकघरात शिरता येतं. जात, गाव, काका काही न विचारता कुणीतरी त्याच्या हातात सुरी देतं. नांदेडच्या शेतमजुराच्या मुलीला ताज किंवा ओबेरॉयच्या किचनमध्ये एक सत्रभर प्रशिक्षणार्थी म्हणून उभं राहायला मिळतं, ते त्या संस्थेच्या पत्रावर. हा दरवाजा मी तरी कधी क्षुल्लक मानणार नाही.

कॉलेजात मिळतं काय? रुंदी मिळते. साध्या हॉटेलात कामाला लागलेला मुलगा तंदूरला चिकटला तर पाच वर्षं तंदूरच करतो, चायनीजच्या वोकला चिकटला तर चायनीज. कॉलेजातला मुलगा तीन वर्षांत पाव, केक, सूप, फ्रेंच सॉस, पंजाबी ग्रेव्ह्या, मासे साफ करणं, वाढपाची रीत, हिशेब, सगळ्यावरून हात फिरवतो. खोली मात्र मिळत नाही. प्रात्यक्षिकाला चार जणांचं जेवण करून, जर्नल लिहून तो बाहेर पडतो आणि पहिल्यांदा चाळीस किलो कांद्यापुढे उभा राहतो. पदवी असली तरी बहुतेकांची सुरुवात कॉमी म्हणूनच होते, म्हणजे किचनच्या शिडीची पहिली पायरी. सोलणं, चिरणं, वाटणं, फ्रीज पुसणं. दहा-बारा तास उभं राहायचं, दुपारी मधे दोन-तीन तासांची सुट्टी देणारी 'ब्रेक शिफ्ट', सगळ्या जगाच्या सणाला आपण कामावर. निम्मे इथेच गळतात, असं म्हणण्याइतके मी पाहिले आहेत. मोठ्या हॉटेलसाखळ्यांची मॅनेजमेंट ट्रेनीची वाट आहे, पण ती थोड्यांना मिळते. तीन वर्षांचा खर्च सरकारी संस्थेतही लाखांत जातो, खाजगीत त्याहून पुष्कळ. शिडीच्या पहिल्या पायरीसाठी कर्ज काढायचं का, हा विचार घरात मोकळेपणाने व्हायला हवा.

मोठ्या प्रमाणावर रांधणं हे वेगळं शास्त्र आहे, आणि ते मी कॉलेजात शिकलो नाही, पातेल्यापाशी शिकलो. धंद्यातल्या पहिल्या वर्षीची गोष्ट. दहा किलो तांदळाचा मसालेभात होता. घरी वाटीला दोन वाट्या पाणी, म्हणून मी ज्या डब्याने तांदूळ मोजले त्याच डब्याने दुप्पट आधण ठेवलं. गॅस बंद केला तेव्हा भात सुरेख मोकळा दिसत होता. झाकण ठेवलं. तासाभराने पंगत बसली, झारा घातला, तर वरचा भात बरा आणि तळाला लगदा. तोंडली तर मोडूनच गेली होती. आमच्याकडचे म्हातारे आचारी काही बोलले नाहीत. पुढच्या कार्याला त्यांनी मला शेजारी उभं केलं. पाणी दुपटीच्या बरंच खाली धरलं, भात पूर्ण शिजायच्या आतच, शितात जरा कणी असताना आच काढली आणि दहा मिनिटांत सगळा भात मोठ्या परातींत उलथून मोकळा केला.

त्यामागचं कारण मला नंतर पुस्तकातून कळलं. पातेलं मोठं झालं की आतला ऐवज जितका वाढतो तितका वरचा उघडा पृष्ठभाग वाढत नाही. म्हणून वाफ होऊन जाणाऱ्या पाण्याचं प्रमाण घटतं आणि घरचं माप जास्त पडतं. शिवाय पंचवीस-तीस किलोंचा ऐवज आपली उष्णता सहजी सोडत नाही. गॅस बंद झाला तरी आतला भात शिजतच राहतो, वरच्या थराचा भार खालच्यावर पडतो तो निराळाच. आचाऱ्यांना हे पृष्ठभागाचं गणित येत नव्हतं, हात बरोबर चालत होता. मला गणित कळलं तेव्हा हात चालत नव्हता. दोन्ही ज्याच्याकडे आहे तो पक्का स्वयंपाकी.

हात कितीही चांगला असला तरी एका ठिकाणी तो फसतोच, आणि तिथे औपचारिक शिक्षणाला पर्याय नाही. ते ठिकाण म्हणजे जंतू. ते दिसत नाहीत, नाकाला वास येत नाही, चवीला कळत नाहीत. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस हा त्यांच्या वाढीचा पट्टा. भातात 'बॅसिलस सिरीयस' नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते उकळीतही मरत नाहीत. भात पातेल्यात तसाच झाकून ठेवला तर मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो, बीजाणू रुजतात आणि त्यांनी सोडलेलं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम केलं तरी नष्ट होत नाही. 'नीट उकळून घेतलं होतं हो' असं विषबाधेनंतर सगळेच सांगतात, आणि खरंच उकळलेलं असतं. म्हणून शिकलेला शेफ उरलेलं अन्न उथळ ट्रेमध्ये पसरतो. पहिल्या दोन तासांत ते 21 अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत 5 अंशांच्या खाली न्यायचं, हा त्याचा नियम. परातीत भात मोकळा करणारे आमचे आचारी नकळत यातला अर्धा नियम पाळत होते. उरलेला अर्धा, म्हणजे थर्मामीटर आणि फ्रीज, त्यांना कुणी शिकवला नव्हता.

दुसरी जागा हिशेबाची. घरगुती खानावळी, क्लाऊड किचन, मालवणी जेवणाची छोटी हॉटेलं चवीपायी क्वचित बंद पडतात. ती हिशेबापायी बंद पडतात. समजा, सुरमई 800 रुपये किलो आहे आणि तुम्ही 5 किलोंचा मासा घेतलात, म्हणजे 4000 रुपये गेले. डोकं, शेपटी, पोटातली घाण आणि मोडके तुकडे वजा जाता ताटात वाढण्याजोग्या तुकड्या निघाल्या साडेतीन किलो. नवखा हिशेब करतो 800 ने: दीडशे ग्रॅमची तुकडी 120 रुपयांना पडली. खरा भाव आहे 4000 भागिले साडेतीन, म्हणजे किलोला सुमारे 1143, आणि तीच तुकडी 171 रुपयांना पडते. एका ताटामागे सुमारे 50 रुपये हिशेबाबाहेर. दिवसाला 40 ताटं गेली तर दोन हजार. डोक्याचं कालवण करून थोडं भरून निघेल, पण ते मेन्यूत धरलेलं हवं. कॉलेजात हे दुसऱ्या वर्षात शिकवतात, हॉटेलात मालक सहसा नोकराला शिकवत नाही, आणि घरून धंदा सुरू करणाऱ्या बाईंना हे कुणीच सांगत नाही. हिशेब लागतो तेव्हा डिपॉझिट गेलेलं असतं.

मापाचंही असंच. 'अंदाजाने घाला' हे घरच्या स्वयंपाकाचं वैभव आहे, पण धंद्यात उद्याची आमटी आजच्यासारखीच व्हावी लागते, आपण रजेवर असलो तरी. कमलाबाई ओगले यांचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या या बाईंनी 1970 मध्ये 'रुचिरा' लिहिलं तेव्हा प्रत्येक पदार्थ वाटी आणि चमच्याच्या मापात बांधून दिला. तिसऱ्या माणसाला तसंच करता येईल असं लिहिणं ही हॉटेलच्या भाषेत 'स्टँडर्ड रेसिपी', आणि ती करायला त्यांना पदवी लागली नाही, शिस्त लागली.

पदवीखेरीजच्या वाटा आईवडिलांना फारशा ठाऊक नसतात, म्हणून सांगून टाकतो. आयटीआयमध्ये दहावीनंतर 'फूड प्रॉडक्शन'चा एक वर्षाचा ट्रेड आहे. फी किरकोळ. हॉटेल मॅनेजमेंटच्या सरकारी संस्थांमध्ये पदवीखेरीज दहावीवर फक्त स्वयंपाक आणि बेकरीचा छोटा क्राफ्ट कोर्सही असतो. त्याला शिकलेली मुलं मला हाताने जास्त तयार वाटली. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मोठ्या हॉटेलांत विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. पर्यटन मंत्रालयाने 2009-10 पासून 'हुनर से रोजगार तक' योजनेत काही आठवड्यांचं मोफत प्रशिक्षण दिलं आणि त्यातून आलेली दोन मुलं माझ्याकडे उत्तम टिकली. आणि जे आधीच वर्षानुवर्षं भट्टीवर आहेत त्यांच्यासाठी पूर्वकौशल्याला मान्यता देणारी परीक्षा आहे. आमच्या एका आचाऱ्याने चव्वेचाळिसाव्या वर्षी ती दिली आणि आयुष्यातलं पहिलं प्रमाणपत्र भिंतीवर लावलं.

मी स्वतः माणूस घेताना कागद शेवटी बघतो. आधी दोन किलो कांदा चिरायला देतो. तो किती भराभर चिरतो इकडे माझं लक्ष नसतं. चिरताना पाट ओला असेल तर तो पुसतो का, खाली ओलं फडकं घालून पाट पक्का बसवतो का, सालं कुठे टाकतो, मासे कापलेल्या सुरीने कोशिंबिरीला हात घालतो का आणि काम झाल्यावर न सांगता जागा साफ करतो का, हे पाहतो. कॉलेजातून आलेल्या काहींना हे येतं, काहींना येत नाही. चहाच्या टपरीवरून आलेल्यांचंही तसंच.

तर फोनवरच्या आईवडिलांना माझं उत्तर असं असतं. शिकवणारं माणूस ओळखीत असेल, मुलगा तिथे दोन वर्षं टिकणार असेल, तर त्याला खुशाल कामाला लावा आणि अन्नसुरक्षा आणि हिशेबाचे छोटे कोर्स मागाहून करा. तसं कुणी नसेल, किंवा मुलगी असेल आणि राहण्याची सुरक्षित सोय हवी असेल, तर आयटीआय किंवा सरकारी संस्था धरा. बोट किंवा परदेश गाठायचं असेल तर प्रमाणपत्राचा विचार पहिल्या दिवसापासून करा. फक्त टीव्हीवरचा कार्यक्रम बघून खाजगी कॉलेजात लाखांची फी भरू नका.

आणि मुला-मुलींनो, बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि प्रवेश पावसाळ्यात होतात. मधल्या दिवसांतला एक महिना जवळच्या खानावळीत, बेकरीत, लग्नाच्या केटररकडे जाऊन उभे राहा. पगार विचारू नका, पण बदल्यात काय शिकवणार ते विचारा. जाताना पायात बंद बूट घाला, केस बांधा आणि खिशात एक छोटी वही ठेवा. पहिल्या दिवसापासून मापं लिहायला लागा.